साळवेमामांचं ‘चालतंय’

वकिली सुरू केली त्या पहिल्याच आठवड्यात मी भलत्याच कोर्टात जाऊन उभी राहिले होते. फाइल उघडली, घसा खाकरला, आता तोंड उघडणार तेवढ्यात कोणीतरी मागून कोटाची बाही हळूच ओढली. वळून पाहिलं तर पांढरा सदरा, खांद्यावरून लाल पट्टा, दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंची आणि चेहऱ्यावर कमालीची सभ्यता. ‘‘ताई, ह्यो खटला तुमचा नाय. तुमचा शेजारच्या कोर्टात सुरू हाय. पळा, मी कुनाला सांगत नाय.’’

ते साळवेमामा. सोनाजी साळवे, कोर्टाचे पट्टेवाले. मूळचे लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातले, राहायला मुकुंदवाडीला. आमच्या कोर्टात सगळ्या पट्टेवाल्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की मान वळायची ती साळव्यांकडेच. आणि सांगत नाही म्हणाले ते खरंच कोणाला सांगितलं नाही. ही गोष्ट आज मीच पहिल्यांदा सांगतेय.

मामांचं मुख्य काम पुकारा करायचं. खटल्याची पाळी आली की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बाकीचे पट्टेवाले हे काम उरकतात. नाव अर्धं घशात, अर्धं पानाच्या पिचकारीत, आणि बिचारा पक्षकार बाहेर बाकावर ‘आपल्याला बोलावलं का हो?’ असं शेजारच्याला विचारत बसतो. मामा सकाळी कोर्ट बसायच्या आधीच व्हरांड्यातून एक फेरी मारायचे. ‘‘बाई, तुमचं नाव सुमन का सुमनबाई? आडनाव कसं म्हनायचं?’’ असं एकेकाला विचारून घ्यायचे. मग पुकारा झाला की तो चहाच्या टपरीपर्यंत जायचा.

एकदा शहागंजातला एक म्हातारा कापडवाला आला होता. दुकानाच्या भाड्याचं जुनं भांडण. कागदावर त्याचं नाव कोणीतरी निम्मं कापून टाकलं होतं. मामांनी त्याच्याशेजारी बसून विचारलं, ‘‘चाचा, पूरा नाम बोलो. अब्बा का भी बोलो.’’ आणि मग दारातून जे काय लांबलचक नाव घेतलं, वडलांच्या नावासकट, ते ऐकून न्यायाधीशांनीसुद्धा मान वर केली. म्हातारा आत आला तो साहेबांकडे न बघता मामांकडे बघत राहिला. ‘‘मेरे अब्बा का नाम यां पहली बार किसी ने सई लिया,’’ म्हणाला. खटला तो हरला. पण पुढं कितीतरी वर्षं रमजान ईदला मामांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा यायचा.

मामांच्या सदऱ्याच्या खिशात सेफ्टीपिनांची एक जुडी असायची. कोर्टात येणाऱ्या बायांच्या चपलेचा अंगठा हमखास त्याच दिवशी तुटतो, हा त्यांचा सिद्धान्त. ‘‘घाबरल्यावर मानूस पाय वाकडा टाकतो, ताई,’’ असं ते म्हणायचे.

दुसरं काम शपथ देण्याचं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की मामा म्हणायचे आणि त्यानं मागून म्हणायचं. शपथ द्यायच्या आधी ते हळूच विचारायचे, ‘‘देवाशपथ का प्रतिज्ञेवर?’’ स्वतः बौद्ध, देवाची शपथ त्यांना लागू नव्हती. म्हणून दुसऱ्यालाही ते कधी गृहीत धरायचे नाहीत. गंगापूरकडच्या एका इरसाल म्हाताऱ्यानं एकदा भर कोर्टात त्यांना विचारलं होतं, ‘‘मामा, बारीकसं खोटं बोललं तर चालंल का?’’ सगळे हसले. मामा मात्र जराही हसले नाहीत. ‘‘मला इचारू नका, बाबा. बोलायचं तुमाला हाय. मी फकस्त शपथ म्हनायला लावली,’’ असं म्हणाले आणि बाजूला झाले.

आता ‘चालतंय’बद्दल. हा शब्द आमच्याकडं कोण वापरत नाही? चहा कसा झालाय, चालतंय. जावई कसा आहे, चालतंय. पण मामांनी त्याची पार चटक लावून घेतली होती. एका साहेबांच्या गाडीचं दार त्यांच्या बोटावर बंद झालं. नख काळंनिळं. साहेब घाईघाईनं म्हणाले, ‘‘मामा, लागलं का हो?’’ ‘‘चालतंय साहेब.’’ साहेब निर्धास्त होऊन निघून गेले, आणि आम्ही मामांचं बोट नळाखाली धरून उभे. बढतीच्या यादीत त्यांचं नाव मागं पडलं तेव्हाही तेच. मी तावातावानं म्हणाले, ‘‘मामा, अर्ज करा. मी लिहून देते.’’ तर म्हणे चालतंय. मला अशा माणसांचा राग येतो. मी भांडून पोट भरणारी बाई. समोरचा भांडायलाच तयार नसला की माझ्या हाताला काम उरत नाही. एकदा मामी, म्हणजे कमलबाई, डबा द्यायला कोर्टात आल्या होत्या, तेव्हा त्यांच्यापाशी मी हे गाऱ्हाणं केलं. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, ‘‘काय सांगू ताई, यांना इंचू चावला तरी इंचवाला म्हनतील चालतंय.’’

दारात उभं राहून राहून मामांचा उजवा खुबा गेला. निवृत्तीच्या आधीच ते लंगडायला लागले होते. निवृत्तीनंतर विहारात वंदनेला बसले की उठवायला माणूस लागायचा. सांध्याचा गोळा झिजलाय, सांधाच बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा मिलिंद शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. त्यानं चौकशी करून शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरवलं. डॉक्टर नावाजलेले. त्यांच्या हातचे कितीतरी लोक टेकडी चढताना दिसतात, हे मला माहीत आहे आणि ते इथं सांगितलंही पाहिजे. मला हे सगळं नंतर कळलं. मामा कोणाला सांगतात थोडंच.

मामा माझ्या ऑफिसात आले तेव्हा मी आधी आवाज ऐकला. काठी, मग एक पाऊल, मग काहीतरी फरशीवर घासल्याचा आवाज. दारात मामा, मागं मामी आणि मिलिंद. मामांच्या उजव्या पायाला पोटरीपासून बोटांपर्यंत प्लास्टिकची पट्टी बांधलेली. ती काढली की पाऊल पुढं लोंबायचं. वर उचललंच जायचं नाही. तळव्याला स्पर्श कळत नव्हता. खुबा उत्तम बसला होता, एक्स-रे बघून कोणीही शाबासकी दिली असती. पाय मात्र गेला होता.

‘‘जय भीम ताई,’’ मामा खुर्चीत बसत म्हणाले. मी विचारलं नाही कसे आहात म्हणून. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं.

सांगितलं ते मामींनी. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच सकाळची गोष्ट.

‘‘मी पहाटंच बघितलं व्हतं, ताई. यांचं पाऊल असं खाली पडलेलं. मी बोट वढलं, यांना कळलं नाय. चिमटा घेतला, तरी नाय. मग डॉक्टर आले, मागं चार पोरंपोरी. मी म्हनलं, साहेब, यांचं पाऊल हालत नाय. तर म्हनले, मावशी, पेशंटला बोलू द्या. आन् यांना इचारलं, काय साळवे, कसं काय?’’

मामी थांबल्या. मामांकडे त्यांनी पाहिलं नाही, समोरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

‘‘आन् हे म्हनले, चालतंय साहेब.’’

डॉक्टर हसून पुढच्या खाटेकडं गेले. बरोबरच्या एका पोरानं कागदावर लिहिलं की रुग्णाची काही तक्रार नाही. पुढं मामी नर्सला सांगत राहिल्या. भूल उतरली नसेल, सूज असेल, होईल हळूहळू, असं ऐकत राहिल्या. व्यायाम शिकवणारी मुलगी मामांना उभं करायला आली आणि पाऊल फरफटलं, तेव्हा कुठं धावपळ झाली. तोवर दिवस उलटून गेले होते.

मिलिंदनं कागद घेऊन पुण्याच्या एका डॉक्टरांना गाठलं होतं. त्यांनी सगळं बघून सांगितलं की आत रक्त साकळून पायाकडं जाणाऱ्या मोठ्या नसेवर दाब आला असावा. होतं असं कधीकधी, त्यात हाताची चूक असतेच असं नाही. पण त्याच दिवशी लक्ष गेलं असतं, रक्त काढलं असतं, तर बहुधा पाय वाचला असता. मिलिंद म्हणाला, लिहून द्या. ते म्हणाले, तेवढं सोडून बोला.

‘‘तुम्हाला काय पाहिजे, मामा?’’ मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येक पक्षकाराला विचारते. बहुतेक जण आकडा सांगतात. मिलिंदनंही तोंड उघडलं होतं, पण मामांनी हात वर केला.

‘‘डॉक्टर सगळ्यांना सांगायलाय की मला कुनी सांगितलंच नाय. कमलनं सांगितलं व्हतं, ताई. त्याच्या तोंडावर सांगितलं. मी मधी बोललो आन् तिचं बोलनं पुसून टाकलं. तेवढं कागदावर आलं पायजे. कमलनं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं.’’

मामी तरीही कॅलेंडरकडंच बघत होत्या. त्या घरात ऑपरेशनपासून काय चाललं असेल ते मला तेवढ्यावरून कळलं. त्या त्यांचं सगळं करत होत्या. पट्टी बांधायच्या, आंघोळीला धरून न्यायच्या, रिक्षात चढवायच्या. फक्त त्यांच्याशी बोलणं कामापुरतं उरलं होतं. मिलिंद मला जिन्यात म्हणालाही, ‘‘आई एकदाच बोलली, ताई. ‘मी बोलत व्हते ना’, एवढंच. मग गप्पच.’’

मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. डॉक्टरांविरुद्ध केस करणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. कोर्ट म्हणतं, चूक झाली असं दुसऱ्या डॉक्टरनंच सांगायला हवं. आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाही. मी ओळखीच्या, बिनओळखीच्या, शाळेतल्या मैत्रिणीच्या दिरापर्यंत सगळ्या हाडांच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. चहा सगळ्यांनी पाजला. शेवटी आयोगानं तज्ज्ञांच्या मंडळाचं मत मागवलं. ते आलं, थंडगार भाषेत. नसेला इजा होणं ही या शस्त्रक्रियेतली ज्ञात गुंतागुंत आहे. निदानाला उशीर झाला का? तर रुग्णानं त्या काळात तक्रार केल्याची नोंद आढळत नाही. म्हणजे सगळी केस येऊन उभी राहिली ती त्या एका सकाळच्या एका वाक्यावर.

उलटतपासणी अशा कामात सहसा लेखी प्रश्नांवर होते. समोरच्या वकिलांनी तोंडी मागितली आणि ती मिळाली. आदल्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेले. मिलिंद अस्वस्थ होता. ‘‘पप्पा, सरळ म्हना की मी तसं बोललोच नाय. त्यांच्या पोरानं मनानंच लिवलं. टेप थोडीच केलंय कुनी?’’

खोटं नव्हतं ते. म्हणजे टेप नव्हतीच. कागदावर ‘तक्रार नाही’ एवढंच होतं, ‘चालतंय’ हा शब्दही नव्हता. मामांनी नाही म्हटलं असतं, मामींनी सांगितलं असतं, आणि केस निदान सरळ उभी तरी राहिली असती. वकील म्हणून मला पक्षकाराला खोटं शिकवता येत नाही. पण त्या संध्याकाळी मिलिंदनं बापाला पटवावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि अजूनही त्याची मला लाज वाटत नाही.

मामा बराच वेळ पायाची पट्टी चाचपत बसले. मग म्हणाले, ‘‘मिलिंदा, मी लोकांना काय म्हनायला लावलं रे जलमभर? सांग बरं.’’

मिलिंद चिडून बाहेर गेला. मामी आतून भाकरीचं ताट घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘‘जे झालं ते सांगा. पन माझंबी सांगा.’’

दुसऱ्या दिवशी आयोगाच्या खोलीत मामा साक्षीच्या खुर्चीत बसले. पट्टा नाही, हातात काठी. प्रतिज्ञा त्यांनी कोणी सांगायच्या आधीच म्हणून टाकली. टंकलेखक मुलगी ओशाळून हसली. समोरचे वकील आमच्याच बारमधले, ज्येष्ठ, गोड बोलणारे. मामांच्या हातून त्यांनीही पूर्वी शेकडो साक्षीदारांना शपथ देववली होती. ते उठले, चष्मा पुसला आणि जुन्या ओळखीनं म्हणाले, ‘‘काय मामा, कसं काय?’’

मला कळायच्या आत, माझा हात टेबलावरून उठायच्या आत, मामा म्हणाले, ‘‘चालतंय साहेब.’’

खोलीत कोणी हसलं नाही. वकील आयोगाच्या अध्यक्षांकडं वळले. ‘‘हे नोंदवून घ्यावं, अशी विनंती.’’

मी हरकत घेतली, आरडाओरडा केला म्हटलं तरी चालेल. अध्यक्षांनी मला बसवलं. मामांचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. कोर्टात जन्म गेलेल्या माणसाला आपण काय केलं ते कळायला वेळ लागत नाही.

‘‘त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी असंच विचारलं होतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘आणि तुम्ही हेच उत्तर दिलंत?’’

मिलिंद मागच्या बाकावर पुढं सरसावला. मामांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

‘‘व्हय साहेब. हेच दिलं.’’

‘‘पाऊल हलत नाही असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?’’

‘‘कमलनं सांगितलं व्हतं. माझ्या आधी.’’

‘‘मी तुमचं विचारतोय, मामा. तुम्ही सांगितलंत? हो किंवा नाही.’’

‘‘नाय.’’

अध्यक्षांनी टंकलेखिकेला सांगितलं, आणि तिनं आमच्याकडं जसं लिहितात तसं लिहिलं: ‘हे खरे आहे की, मी डॉक्टरांना चालतंय असे सांगितले. हे खरे आहे की, पाऊल हलत नाही असे मी सांगितले नाही.’ अशी वाक्यं मामांनी दारात उभं राहून आयुष्यभर ऐकली होती. साक्षीदार दहा वाक्यं बोलतो, कागदावर एक उतरतं. तरीही ते खुर्चीत पुढं वाकून म्हणाले, ‘‘साहेब, तिचं लिवा ना. तिचं राहिलं.’’

‘‘विचारलं तेवढंच, साळवे,’’ अध्यक्ष म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता. तो असता तर मला भांडायला बरं पडलं असतं.

फेरतपासणीत मी मामींचं विचारायला उठले, तर समोरून हरकत आली की पत्नीनं काय सांगितलं ते पत्नीच्या शपथपत्रात आहे, ते यांच्या तोंडून पुन्हा नको. अध्यक्षांनी ती मान्य केली. मग मी दुसरा प्रश्न विचारला, ‘‘मामा, चालतंय म्हणजे काय?’’

असा प्रश्न मी कोणत्याही साक्षीदाराला कधी विचारला नव्हता. मामा गोंधळले. मग सावकाश बोलले, आणि माझ्या वीस-पंचवीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच स्वतःबद्दल एवढं लांब बोलले.

‘‘माझा बाप पाटलाच्या वाड्यावर कामाला व्हता, साहेब. तो सांगायचा, मोठ्या मानसानं कसं काय इचारलं तर दुखनं सांगू नये. तो इचारतो ते पुढं जायाला. आपन वाटंतून बाजूला व्हायचं. चालतंय म्हंजे तेवढंच. म्हंजे तुमी जा. बरं हाय असं नव्हं. त्या दिशी माझा पाय मला कळत नव्हता. भ्या वाटत व्हतं. पन डॉक्टरच्या मागं मानसं खोळंबली व्हती.’’

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. बाजूच्या सदस्य बाई खाली बघत होत्या. मला वाटलं, झालं, पोचलं. मग अध्यक्षांनी चष्मा घातला आणि सांगितलं: ‘तक्रारदाराच्या मते चालतंय हा बोलण्याचा प्रघात आहे.’ बास. एका माणसाचा बाप, वाडा, भीती, सगळं मिळून तेवढं.

मामींचं शपथपत्र आम्ही दिलं होतंच. डॉक्टरांनीही त्यांचं दिलं. ते स्वतः एकदाही आले नाहीत. त्यांच्या शपथपत्रात होतं की, नातेवाइकांनी काही सांगितल्याचं त्यांना स्मरत नाही. स्मरत नसेलही. मी त्या माणसाला राक्षस करणार नाही. रोज वीस खाटांसमोरून जाणाऱ्याला कोणती मावशी काय म्हणाली ते काय आठवणार? पण त्यांना आठवत नाही म्हणून ते घडलं नाही, हे कोणत्या न्यायात बसतं ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

त्यानंतर तारखा पडत राहिल्या. मामा प्रत्येक तारखेला यायचे. मी फोन करून सांगायचे की गरज नाही, नुसती तारीख आहे, तरी यायचे. मुकुंदवाडीहून रिक्षानं, मामींच्या खांद्यावर हात टाकून. बाकावर बसून बाकीच्यांची कामं ऐकायचे. कोणाची पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून दे, कोणाला झेरॉक्सचं दुकान दाखव. तिथला शिपाई नवा होता, नावं घाईत पुकारायचा. मामा नुसते मान हलवायचे. मामी शेजारी बसलेल्या असायच्या, हातात पिशवी, नजर दाराकडं. दोघांत बोलणं मी कधी ऐकलं नाही.

मामा आता नाहीत. निकालानंतरच्या थंडीत न्हाणीत ते पाऊल अडकलं, पडले, डोक्याला मार लागला आणि त्यातून उठले नाहीत. मिलिंदनं फोन केला तेव्हा मी बाहेरगावी होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निकालाच्या दिवशीच.

निकालाची प्रत माझ्या हातात आधी आली. तक्रार फेटाळली होती. मी उभ्या उभ्या वाचत गेले आणि मामींच्या परिच्छेदापाशी थांबले. ‘तक्रारदाराने स्वतः तक्रार न केल्याचे मान्य केले आहे. तक्रारदाराच्या पत्नीचे कथन वैद्यकीय नोंदींशी विसंगत असून पश्चातबुद्धीचे दिसते.’ पश्चातबुद्धीचे. म्हणजे त्या दिवशी ती काही बोललीच नव्हती. केस करायचं ठरल्यावर तिला सुचलं. कोर्टाच्या मराठीत ‘बाई खोटं बोलते’ असं म्हणायची ही सभ्य रीत आहे.

बाहेर व्हरांड्यात दोघं बसले होते. मिलिंदची कंपनीत पाळी होती, तो आला नव्हता. मी सांगितलं, हरलो. अपील करू, मी फी घेणार नाही, आत्ताच कागदावर सही करा, असं एका दमात बोलून गेले. मामांनी हात पुढं केला आणि निकाल मागितला. चष्मा लावून ते वाचायला लागले. कोर्टाचे कागद कुठून वाचायचे ते त्यांना माहीत होतं. मधली पानं उलटून ते थेट तिथं आले. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलेलं मी पाहिलं.

मामी सहीपुरत्या शिकलेल्या. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग किती काळानं कोण जाणे, सरळ नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

‘‘माझं काय लिवलंय?’’

मामांचं बोट ओळीवरून हललं नाही. ते वाचून दाखवल्यासारखे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘‘तक्रारदाराच्या पत्नीने, पयल्याच दिवशी सकाळी, पाऊल हालत नाही असे डॉक्टरांना सांगितले होते.’’



मामी ते मनाशी पुन्हा म्हणून बघत असाव्यात, ओठ हलत होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग अगदी साध्या आवाजात, खरंच न कळून, त्यांनी विचारलं, ‘‘मंग आपन हारलो कसं?’’

मामांनी कागदाची घडी घातली. पुन्हा एक घातली.

‘‘माझ्यामुळं,’’ ते म्हणाले.

 मामींनी पिशवी खांद्याला अडकवली, काठी मामांच्या हातात दिली आणि काखेत हात घालून त्यांना उठवलं. जिन्यापाशी त्या एक पायरी आधी उतरल्या, वळल्या, खाली वाकल्या आणि ते पाऊल दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर नीट ठेवलं. मग पुढची पायरी.